कुत्रं परत परत घरातल्या वस्तू चावतंय? आधी काय, कुठलं आणि केव्हा ते बघा

चप्पल चावली म्हणून चपला वर ठेवल्या, तर आठवड्यात सोफ्याचा कोपरा गेला. सोफ्याला कडू फवारा मारला, तर दाराची चौकट. मग महिनाभर सगळं शांत, आणि एक दिवस पुन्हा पहिल्यापासून. सोलापुरात ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांच्याकडून ही तक्रार मला सारखी ऐकू येते आणि बहुतेकांचे शब्दही तेच असतात: "परत चावायलंय बघा."

चावणं ही कुत्र्याची गरज आहे. ते जग तोंडानं तपासतं आणि जबडा चालवला की शांत होतं. म्हणून चावणं साफ बंद करता येत नाही, करूही नये. घराची नासधूस मात्र थांबवता येते. त्यासाठी चावलेल्या वस्तूवर उपाय करत बसण्याऐवजी चावण्याचं कारण धरावं लागतं. कारण धरलं नाही तर वस्तू बदलत राहतात, तक्रार तीच राहते.

आवरायच्या आधी बघा

घरी आलात आणि पसारा दिसला, तर झाडू हातात घेण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढा. दाराच्या चौकटीचा खालचा भाग, खिडकीचं लाकूड, पडदा हे चावलं असेल, दारावर नखांचे ओरखडे असतील, फरशीवर लाळ सांडली असेल, तर कुत्रं बाहेर पडायला धडपडत होतं. ते एकटेपणाला घाबरतंय किंवा बाहेरच्या एखाद्या आवाजाला. तुमची चप्पल, उशी, काढून टाकलेले कपडे निवडून घेतले असतील तर त्यांत तुमचा वास आहे. हे भीतीतही होतं आणि नुसत्या कंटाळ्यातही. टेबलाचा पाय, रिमोट, केरसुणी, रद्दी असं समोर येईल ते घेतलं असेल, तर बहुधा अंगातली रग जिरलेली नाही. आणि भिंतीचा चुना, माती, खडे असं खाण्याजोगं नसलेलं काही गिळत असेल, तर तो विषय डॉक्टरांचा. त्याकडं शेवटी येतो.

दुसरी गोष्ट वेळ. घराबाहेर पडताना जुना मोबाइल कपाटावर ठेवून व्हिडिओ चालू करून जा. तुम्ही निघाल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच येरझाऱ्या, रडणं, दार ओरबाडणं सुरू झालं तर ती भीती आहे. निवांत झोपून, उठून, आळस देऊन, मग इकडंतिकडं फिरत उशीकडं वळलं तर तो कंटाळा. दोन्ही घरांत फाटलेली उशी सारखीच दिसते, पण उपाय वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर त्रास वाढतो. हा व्हिडिओ काढायचा लोक कंटाळा करतात, पण इतक्या स्वस्तात इतकं सांगणारं दुसरं काही नाही.

तिसरं, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण करा. चावलं त्या दिवशी फुली आणि शेजारी दोन शब्द. जुळे सोलापुरातल्या ओळखीच्या एका घरात लॅब्रॅडॉर मधले दिवस अगदी शहाण्यासारखा राहायचा आणि अचानक एखाद्या दिवशी काहीतरी फाडायचा. फुल्या बघितल्यावर लक्षात आलं की तो दिवस पाणी येण्याचा असतो. आपल्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड येतं. त्या दिवशी पहाटेपासून सगळं घर मोटर, पाइप, पिंप यांत गुंतलेलं, सकाळचं फिरवणं राहून जायचं, आणि दुपारी फडशा. त्यांनी पाण्याच्या दिवशी फिरवायचं काम घरातल्या मुलाकडं दिलं. बाकी काहीही केलं नाही, आणि फुल्या थांबल्या.

वर्षभराच्या फुल्या बघितल्या की सोलापूरच्या घरांत आणखी एक ठेवण दिसते. मार्चपासून ऊन वाढतं आणि फिरणं घटतं. जूनच्या मध्यावर शाळा सुरू होतात आणि मे महिनाभर पोरांच्या गराड्यात असलेलं कुत्रं एकदम एकटं पडतं. मग दिवाळी, मग जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. "परत" सुरू होण्याचे दिवस बहुतेक यांतच सापडतात.

पिल्लू आठ महिन्यांच्या आतलं असेल तर

पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. साडेतीन-चार महिन्यांच्या सुमारास ते पडायला लागतात आणि साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ दात येतात. या काळात हिरड्या ठणकतात आणि पिल्लू काहीही चावत सुटतं. फरशीवर तांदळाएवढा दात सापडला, खेळण्यावर रक्ताचा बारीक डाग दिसला तर घाबरू नका. हिरड्यांना गार काहीतरी द्या. फ्रिजमधलं जाड गाजर तुमच्यासमोर चघळायला द्यावं. आतून पोकळ असलेलं रबरी खेळणं मिळतं. त्यात दही-भात, शिजवलेलं रताळं किंवा लाल भोपळा भरून फ्रीजरमध्ये गोठवलं तर पिल्लू बराच वेळ त्यातच रमतं. मीठ, मसाला, साखर यांतलं काही घालू नका. वर चिमूटभर बिनमिठाचा दाण्याचा कूट टाकला तर खेळणं सोडतच नाही. शेंगाचटणी मात्र नको, तिच्यात लसूण असतो आणि लसूण-कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो.

सात महिने उलटूनही वरच्या सुळ्याशेजारी दुधाचा सुळा तसाच उभा असेल, म्हणजे एका जागी दोन सुळे दिसत असतील, तर डॉक्टरांना दाखवा. पॉमेरियनसारख्या लहान जातींत हे बरंच आढळतं आणि तो दात काढावा लागतो.

पिल्लू अति दमलं तरी जास्त चावतं. लहान पिल्लाला दिवसाला अठरा-वीस तास झोप लागते. संध्याकाळी घरात पाहुणे, पोरं, टीव्ही, आणि नऊच्या सुमारास पिल्लू वेड्यासारखं पळत पडदे ओढायला लागतं, तेव्हा त्याला आणखी खेळवू नका. अंधाऱ्या शांत कोपऱ्यात चघळायला काही देऊन बसवा. बऱ्याचदा काही मिनिटांत झोपतं.

फार लवकर आईपासून तोडलेली पिल्लं कापड चोखत बसतात, ओढतात, फाडतात. आपल्याकडं महिन्या-सव्वा महिन्याचं पिल्लू सर्रास विकलं जातं. २०१७ च्या श्वानपैदास आणि विक्रीच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. त्या आठवड्यांत आई आणि भावंडं त्याला किती जोरात चावायचं ते शिकवतात. विक्रेता "आत्ताच न्या, लवकर माणसाळतं" म्हणाला तरी थांबा.

दात आले म्हणजे सुटलो असं समजू नका. वर्ष-दीड वर्षापर्यंत, मोठ्या जातींत त्याहूनही थोडं पुढं, वयात येणाऱ्या कुत्र्याचं चावणं चालूच असतं, आणि आता जबड्यात ताकद असते. मोडतोडीचा खरा खर्च याच काळात होतो.

हाडांचं काय, हा प्रश्न येतोच. शिजवलेलं हाड देऊ नका. कोंबडीचं हाड शिजलं की त्याच्या अणकुचीदार कपच्या निघतात. मटणातली नळी गोल कापलेली असेल तर ती खालच्या जबड्यावर कड्यासारखी अडकते आणि भूल देऊन कापून काढावी लागते. हरणाचं शिंग, जनावराचं खूर, फार कडक नायलॉन यानं वरची मोठी दाढ उभी चिरते. खरेदी करताना सोपी परीक्षा: अंगठ्याचं नख दाबल्यावर वस्तूवर खूण उमटली पाहिजे. उमटत नसेल तर ती कुत्र्याच्या दातांसाठी जास्त कडक आहे. कडक भाकरी चघळायला म्हणून देण्यात अर्थ नाही. दोन घासांत संपते आणि कुत्रं पुन्हा सोफ्याकडं बघतं.

ऊन वाढलं की

सोलापुरातलं उन्हाळ्यातलं चावणं बहुतांशी फिरण्याच्या हिशोबातून येतं. फेब्रुवारीपर्यंत कुत्रं सकाळ-संध्याकाळ मिळून तासभर बाहेर असतं. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, मालक दारातूनच लघवी उरकून आणतो, आणि मग लॅब, कारवानी, पश्मी किंवा दणकट गावठी कुत्रं ती शिल्लक ताकद घरातल्या लाकडावर काढतं. कारवानी तर मैदानात ससा गाठायला घडवलेली जात. तिला फ्लॅटमध्ये बांधून ठेवायचं आणि शांत राहा म्हणायचं, हे तिच्यावर अन्याय करणारं आहे.

उन्हाळ्यात फिरवण्याची वेळ सूर्योदयाच्या आधीची. संभाजी तलावाकडं किंवा सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला पहाटे चालणारे बरेच असतात, तीच वेळ कुत्र्याची. तलावाचं पाणी मात्र पिऊ देऊ नका. संध्याकाळी सूर्य बुडाला तरी डांबर तापलेलंच असतं. हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवा. टेकवत नसेल तर कुत्र्याचे पंजेही भाजतात. मग मातीच्या कडेनं चालवा किंवा जेवणं उरकल्यावर निघा. चपट्या नाकाच्या पग कुत्र्याला या दिवसांत पळवूच नका, त्याला उष्माघात फार लवकर होतो.

फिरणं कमी होणार हे मान्य केलं तर भरपाई नाकानं करता येते. वास घेत, शोधत खाणं हे कुत्र्याला दमवणारं काम आहे, आणि ते पंख्याखाली होतं. रोजचं खाणं भांड्यात वाढायचं सोडा. निम्मं खाणं अंगणात किंवा गच्चीवर सावलीत विखरून टाका. किराणा दुकानातून आणलेल्या खोक्याची चिकटपट्टी आणि पिना काढा, आत रद्दी चुरगाळून टाका, तिच्यात ज्वारीच्या भाकरीचे तुकडे किंवा त्याचं नेहमीचं दाणेदार खाणं लपवा आणि फाडू द्या. खोकं फाडायची त्याला परवानगी आहे, सोफा फाडायची नाही, आणि हा फरक कुत्र्याला कळतो. पुठ्ठा गिळत असेल तर मात्र हा खेळ बंद. फिरतानाही त्याला ओढत नेऊ नका. एका खांबापाशी दोन मिनिटं वास घेत उभं राहिलं तर राहू द्या, ती दोन मिनिटं त्याच्या डोक्याला कामाची आहेत.

दिवसभर साखळीला बांधणं हा उपाय मुळीच नाही. बांधलेलं कुत्रं साखळी चावतं, त्यात सुळे झिजतात, आणि सोडल्यावर दुप्पट मोडतोड करतं. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमात अवाजवी काळ आखूड किंवा जड साखळीनं बांधून ठेवणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणं, या दोन्ही गोष्टी क्रूरतेत मोडतात. बंदिस्तच ठेवायचं असेल तर एक खोली त्याची करा. दाराला लहान मुलांसाठी मिळतं तसलं फाटक लावा, आत पाणी, अंथरूण, दोन-तीन चघळायच्या वस्तू, आणि चावण्याजोगं दुसरं काहीही नको. चघळायच्या वस्तूही सगळ्या एकदम देऊ नका. आज दोन काढा, उद्या त्या ठेवून दुसऱ्या. चार दिवस कपाटात राहिलेलं खेळणं त्याला नव्यासारखं वाटतं. जुनी चप्पल खेळायला देऊ नका. जुनी आणि नवी यांतला फरक आपल्यासाठी आहे, त्याच्यासाठी दोन्हींना पायाचाच वास येतो.

चादर, टॉवेल आणि सूत

हा भाग सोलापूरकरांनी नीट वाचावा, कारण आपल्या घरात सुताची कमी नाही. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर आणि टॉवेल घराघरांत, पूर्व भागात तर घराला लागूनच लूम, त्यामुळं कांड्या, बाबिनी, कापलेल्या कडा, सुताचा गुंता सगळीकडं. गणवेश शिवणाऱ्या घरांत रिळं आणि सुया. कुत्र्याला चादरीच्या दशा ओढायला फार आवडतं. टॉवेलचे फास दातात अडकतात, ते ओढले जातात आणि लांबच लांब दोरा सुटत येतो.

लाकडाचा तुकडा गिळला तर बऱ्याचदा तो शी वाटे पडतो. दोरा जास्त धोक्याचा आहे. दोऱ्याचं एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठराच्या तोंडाशी अडकतं, बाकीचा दोरा आतड्यात जातो. आतडं तो पुढं ढकलायला बघतं, पण टोक अडकलेलं असतं. मग परकराच्या नेफ्यात नाडी ओढली की कापड चुण्या पडून गोळा होतं, तसं आतडं त्या दोऱ्यावर गोळा होतं. ताणलेला दोरा आतड्याची भिंत कापू शकतो, आणि तसं झालं तर पोटात घाण पसरून कुत्रं दगावतं.

लक्षणं अशी: वारंवार उलटी, खाणं सोडणं, मलूल होणं, पाठ कमानीसारखी वाकवून उभं राहणं, पोटाला हात लावू न देणं, शी न होणं. तोंडातून किंवा शी च्या जागेतून दोरा लोंबताना दिसला तर कृपा करून तो ओढू नका. आत कुठं अडकलाय ते आपल्याला दिसत नाही, ओढला की आतडं चिरतं. तेल, तूप, केळी देऊन "सरकवायचा" प्रयत्नही नको. लगेच डॉक्टर. एक्स-रे किंवा सोनोग्राफी लागते आणि बऱ्याचदा शस्त्रक्रिया. ती वेळेत झाली तर कुत्रं वाचतं.

म्हणून कापड चावणाऱ्या कुत्र्याला अंथरूण देताना दशा कापून, कडा दुमडून शिवून द्या. टॉवेल देऊच नका; जाड गोणपाटही नको, त्याचेही धागे सुटतात. उचकटायला जागा नसलेली रबरी चटई बरी. आणि शिवणकाम झालं की सुई मोजून ठेवा.

आणखी दोन गोष्टींबद्दल थोडक्यात. ज्या घरी विड्या वळतात तिथं तंबाखूची सुपं कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतात. तंबाखूतलं निकोटीन कुत्र्याला विष आहे; तासाभरात लाळ, उलट्या, थरथर सुरू होऊ शकते. सूप उंचावर, झाकून. दुसरं म्हणजे कूलरची वायर. उन्हाळ्यात ती जमिनीवरून जाते आणि शेजारी पाणी सांडलेलं असतं. वायरी प्लास्टिकच्या पट्टीत बसवून भिंतीवर घ्या. कुत्र्याला झटका बसलाच तर आधी मेन स्विच बंद करा, मगच हात लावा. नंतर ते ठीक दिसलं तरी डॉक्टरांकडं न्या, कारण फुप्फुसात पाणी काही तासांनीही भरू शकतं.

तुम्ही गेल्यावरच चावत असेल तर

व्हिडिओत भीती दिसली तर हा भाग तुमचा. आणखी एक खूण सांगतो: जे खाणं तुमच्यासमोर क्षणात संपतं ते तुम्ही गेल्यावर तसंच पडून राहतं आणि तुम्ही आलात की मग खातं. घाबरलेलं कुत्रं खात नाही. अशा कुत्र्याला नवं खेळणं आणून उपयोग नाही, आणि पिंजऱ्यात कोंडणं तर धोक्याचं. सुटायच्या धडपडीत दात आणि नखं तुटतात.

आधी तुमच्या निघण्याच्या खुणा बोथट करा. किल्ल्या वाजल्या, हेल्मेट हातात घेतलं, चप्पल घातली की कुत्रं धापा टाकायला लागतं. मग दिवसातून अनेकदा हेल्मेट घाला आणि सोफ्यावर बसून चहा प्या. किल्ल्या उचला, परत ठेवा. कुत्र्यानं मान वर करणं सोडेपर्यंत हे चालू द्या. त्यानंतर दारापर्यंत जाणं, दार उघडून बंद करणं, बाहेर पाच सेकंद उभं राहणं, मग दहा. कुत्रं शांत असतानाच परत यायचं. एखाद्या दिवशी घाबरलं तर दुसऱ्या दिवशी वेळ कमी करा, वाढवू नका. काही आठवडे लागतात, काहींना महिने, आणि मधे मागं जाणं होतंच.

याच काळात त्याला सहन होईल त्याहून जास्त वेळ एकटं ठेवायचं नाही, ही यातली सगळ्यांत अवघड अट आहे. सकाळी शिकवलं आणि दुपारी सहा तास कोंडून गेलात तर शिकवलेलं पुसलं जातं. इथं सोलापूरच्या घरांचा फायदा घ्या. खालच्या मजल्यावर आजी असतात, शेजारी मावशी असतात, कुणाचा तरी घरून काम करणारा मुलगा असतो. "काकू, दोन तास याला तुमच्याकडं बसवू का?" असं विचारायला संकोच वाटतो, पण बहुतेक ठिकाणी हो म्हणतात.

जून जवळ आला की शाळा सुरू व्हायच्या आधीच दोन-तीन आठवडे हा सराव करा. पोरं घरात असतानाच कुत्र्याला रोज थोडा वेळ वेगळ्या खोलीत, गोठवलेलं खेळणं देऊन, एकटं बसायची सवय लावा.

भीती फार असेल, स्वतःला इजा करून घेत असेल, तर डॉक्टरांशी औषधाबद्दल बोला. अशा भीतीवर चालणारी औषधं आहेत आणि ती सरावासोबत दिली की कुत्रं शिकण्याच्या स्थितीत येतं. "गुंगीचं औषध नको" म्हणून लोक मागं सरतात. ही औषधं गुंगीसाठी नसतात, आणि घाबरलेल्या जिवाला औषध नाकारण्यात काही शहाणपण नाही.

गड्डा आणि दिवाळी

संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं. आपल्यासाठी तो आनंदाचा सोहळा. पण आपल्याला ऐकू येतो त्याहून कितीतरी मंद आवाज कुत्र्याला ऐकू येतो. मैदानापासून लांबच्या पेठेतलं कुत्रंही त्या रात्री दार ओरबाडतं, पलंगाखाली शिरून चादर फाडतं. आपण यात्रेला गेलेलो असतो आणि परत आल्यावर मोडतोड दिसते.

त्या रात्री घरात एक जण थांबा. आतल्या, कमी खिडक्यांच्या खोलीत जागा करा, पंखा किंवा टीव्ही मोठ्यानं लावा, लघवीला संध्याकाळ होण्याआधीच नेऊन आणा. कुत्रं जवळ आलं तर कुरवाळा. कुरवाळल्यानं भित्रेपणा वाढतो असं लोक सांगतात, त्यात तथ्य नाही. दरवर्षी फार थरथरणाऱ्या कुत्र्यासाठी आवाजाच्या भीतीवरचं औषध डॉक्टरांकडून आठवडाभर आधीच ठरवून ठेवा.

चावताना सापडलं तर

ओरडू नका, मागं पळू नका. पळालात की त्याला तो खेळ वाटतो, किंवा वस्तू हिसकावली जाईल म्हणून ते गिळून टाकतं. त्याच्या आवडीचा तुकडा नाकाशी न्या, "सोड" म्हणा, तोंड उघडलं की तुकडा द्या आणि वस्तू उचला. लगेच चघळण्याजोगी वस्तू द्या. वस्तू धोक्याची नसेल तर अधूनमधून "सोड" म्हणून घेतल्यावर तीच परत द्या. दिलं की दरवेळी जातंच असं नाही, हे त्याला कळलं की ते तोंड घट्ट धरत नाही. घरातल्या सगळ्यांचा शब्द एकच असावा. आई "सोड", बाबा "टाक", ताई "दे ना रे" म्हणत असेल तर कुत्रं काहीच शिकत नाही.

नंतर मारण्याचा उपयोग नाही. "त्याला कळतं हो, कान पाडून बसतं" असं सगळे म्हणतात. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधक बाईंनी २००९ मध्ये हेच तपासलं होतं. कुत्र्यानं खाऊ चोरला की नाही यावर तो अपराधी चेहरा अवलंबून नव्हता; मालक रागावला की दिसत होता, अगदी काही न केलेल्या कुत्र्याच्याही तोंडावर. कान पाडणं म्हणजे तुमच्या रागाला शरण जाणं. दोन तासांपूर्वीच्या उशीशी ते त्याचा मेळ घालत नाही. तुम्ही घरी येण्याची भीती मात्र त्याच्या मनात बसते, आणि ती बसली की चावणं वाढतं.

वस्तूला मिरचीपूड लावू नका. डोळे आणि नाक पोळतात, तो त्रास अमानुष आहे. डांबरगोळ्या आणि फिनेलही नको, दोन्ही विषारी. दुकानात कुत्र्यांसाठीचा कडू फवारा मिळतो. काही कुत्र्यांवर चालतो, काही कुत्री तो चाटून घेतात. त्याला जोडीचा उपाय समजा, मुख्य नाही.

डॉक्टरांकडं कधी

माती, चुना, खडे, भिंतीचे पोपडे खाणारं कुत्रं खोडकर नसतं, बहुधा आजारी असतं. जंत, पोटाचे विकार, रक्त कमी होणं ही कारणं असतात, आणि आपल्याकडं गोचिडांमुळं होणाऱ्या तापात रक्त चांगलंच उतरतं. हिरड्या पांढुरक्या दिसतात का बघा आणि रक्त तपासून घ्या. जंताचं औषध मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी द्यायचं असतं. चार-पाच वर्षांचं शांत कुत्रं एकाएकी लाकूड चावायला लागलं तर आधी तोंड तपासून घ्या, दात दुखत असू शकतो.

लस न दिलेल्या किंवा लसीची तारीख उलटलेल्या कुत्र्याचं वागणं अचानक बदललं, ते दगड-लाकडासारखं काहीही चावायला लागलं, आवाज घोगरा झाला, लाळ गळायला लागली, गिळता येईना, तर तोंडात हात घालू नका. ही रेबीजची लक्षणं असू शकतात. त्याला खोलीत एकटं बंद करून डॉक्टरांना फोन करा. लाळ जखमेला लागली असेल तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करा.

विषारी काही खाल्ल्याची शंका आली, म्हणजे द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट, साखरविरहित च्युइंगम, दुखण्याच्या गोळ्या, तंबाखू, रिमोटमधली गोल बॅटरी, तर लक्षणांची वाट बघू नका. आपल्या जिल्ह्यात द्राक्षांच्या हंगामात बेदाण्याची पिशवी प्रत्येक घरात असते आणि बेदाण्यानं कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. उलटी करवण्यासाठी मिठाचं पाणी पाजू नका, त्यानं वेगळीच विषबाधा होते. बॅटरी, सुई किंवा ॲसिड गेलं असेल तर उलटी करवणं आणखी घातक. उलटी करवायची की नाही हे डॉक्टर ठरवतील, आणि विष खाल्ल्यापासून पहिल्या दोन तासांत पोहोचलात तर त्यांच्या हातात जास्त पर्याय असतात. निघताना गोळ्यांची रिकामी पट्टी, चावलेल्या वस्तूचा उरलेला तुकडा, कुत्र्याचं वजन आणि खाल्ल्याची अंदाजे वेळ सोबत घ्या. चादर खाल्ली असेल तर ती चादरच घेऊन जा. किती कापड आणि किती लांबीचा दोरा कमी आहे ते डॉक्टरांना ती बघूनच कळेल.